ठिपक्याच्या उलट बाजूला

योग्याकार्ताच्या आमच्या प्रयोगशाळेत मुलांना पडद्यासमोर बसवायचं काम सहा वर्षं माझंच होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला मुलं भेटत ती इथेच. हनुवटी टेकणीवर, नजर मधल्या खुणेवर. उजवीकडे ठिपका उमटला की पाहायचं डावीकडे, डावीकडे उमटला की उजवीकडे. डोळे आधी ठिपक्याकडेच धावतात, त्यांना आवरायचं. छोटा कॅमेरा डोळ्याच्या बाहुलीवर लक्ष ठेवून नजरेची रेघ काढतो.

मग वेनिंग आली. तेवीस वर्षांची, हसरी. मुलं मला बू, म्हणजे बाई, म्हणत; तिला म्बाक, म्हणजे ताई, म्हणू लागली. महिनाभरात मुलं क्लेपोनचे गोड गोळे माझ्या डब्यातले खायची आणि बसायची तिच्या शेजारी.

एके दिवशी आमचे प्राध्यापक पाक हेंदार्तो म्हणाले, "शाळांना दाखवायला चाचणीचं नमुना चित्रण हवंय. दोघी करा. जिची रेघ स्वच्छ, तिच्याकडे सोमवारपासून मुलं."

वेनिंग आधी बसली. चित्रण होणार म्हणून मस्कारा लावून आली होती. काळी पापणी आणि बाहुली यांत कॅमेरा गोंधळतो. हे मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. मी डब्याचं झाकण लावत राहिले.

रेघ बेडकासारखी उड्या मारू लागली.

"अगं, हे काय?"

"पाक, मी बरोबरच पाहत होते!" तिचा चेहरा उतरला. ती पडद्याच्या उजवीकडच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली, तर बघायला जमलेली पोरं धावत जाऊन तिलाच बिलगली.

मग मी बसले. रेघ स्वच्छ आली. नऊ वर्षांचा गालिह ती वाचायला माझ्याकडूनच शिकला होता.

"बू, डावीकडच्या ठिपक्यांना तुम्ही एकदम बरोबर. उजवीकडच्यांना सगळं चूक! उजवीकडेच पाहिलंत!"

"उजवीकडे आहे काय एवढं?" पाक हेंदार्तोंनी विचारलं.

"म्बाक वेनिंग आहे ना!"

सगळे हसले. वेनिंगसुद्धा. माझे कान तापले.

"वेनिंग," मी म्हणाले, "पापण्या पूस आणि पुन्हा बस. मस्काऱ्यानं कॅमेरा फसतो. मला मघाशीच दिसलं होतं."

"मघाशीच, बू?"

"हो."

तिनं पापण्या पुसल्या. रुमाल काळा झाला. या वेळी तिची रेघ स्वच्छ आली, एकही चूक नाही.

सोमवारच्या मुलांची यादी मीच तिच्या हातात दिली. पहिलं नाव गालिहचं होतं. कागद सोडायला माझ्या बोटांनी जरा वेळ लावला.