चिमणाबाईंचा अंगठा घेताना

मित्रांनो, मला बघून तुम्हाला काही विशेष वाटणार नाही. काड्यापेटीहून थोडा मोठा काळा डबा, वर काचेची छोटी खिडकी, आत लाल उजेड आणि मागे चिकटपट्टीने बांधलेली वायर. असा मी एक जुना थंब, अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र. कागदोपत्री माझं नाव लांबलचक आहे, पण कोल्हापुरात एवढा वेळ कुणाला? लोक ‘थंब द्या’ म्हणतात आणि माझ्याकडे बोट दाखवतात. घरं आणि जमिनी विकणारे-घेणारे ज्या सरकारी कचेरीत दस्त नोंदवायला येतात, तिथल्या टेबलावर मी असतो. माझ्या काचेवर अंगठा टेकवल्याशिवाय इथे कुणाचंही घर दुसऱ्याचं होत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते खोक्यातून बाहेर आल्यावरचं कौतुक. माझ्याआधी इथे शाईचा पॅड होता. माणसं काळा झालेला अंगठा जिन्याच्या भिंतीला पुसत घरी जायची. मी आलो आणि भिंतीला नवा रंग लागला. खंडेनवमीला मला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मला चालवणारे विश्वजित येईल त्या पावण्याला सांगायचे, “माणूस खोटं बोलंल, अंगठा न्हाय बोलायचा.” हे ऐकून मी फुगायचो. अगदी बेडकासारखा फुगायचो.

पुढे काच घासली गेली. माझ्याकडून एखादा अंगठा उठेनासा झाला. लोक मला टपल्या मारायचे, “भंगारात घाला की ह्याला,” म्हणायचे. स्वतः पेढ्याचं चिकट बोट घेऊन यायचं आणि नावं मला ठेवायची, नाचता येईना अंगण वाकडं! तरी प्रत्येक वेळी मी ओशाळायचो. भरल्या मंडपात पंगतीला वाढताना हातातून भांडं पडावं, तसं व्हायचं मला. लाज म्हणतात ती हीच, असं मी समजत होतो.

यंदा दिवाळीनंतर उचगावच्या चिमणाबाई आल्या, तेव्हा मला खरी लाज कळली.

चिमणाबाई तरुणपणीच विधवा झाल्या आणि माहेरी परतल्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी म्हाताऱ्या आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं आणि त्याच घराच्या मागच्या खोलीत राहिल्या. त्यांचे धाकटे भाऊ हंबीरराव शहरात फ्लॅट घेऊन राहतात. आईवडिलांच्या मागे उचगावच्या घराला दोघांची नावं लागली होती. हंबीररावांनी ते घर विकायला काढलं. पण बहिणीचं नाव असेपर्यंत घेणारा पुढे येत नाही. म्हणून आधी बहिणीचं हक्कसोडपत्र, मग लगेच खरेदीपत्र, अशी दोन्ही कामं एकाच सकाळी ठरली होती.

आमच्याकडे याची एक रीतच पडली आहे. बहिणीला नवी साडी नेसवायची, अंबाबाईचं दर्शन घडवायचं, तिच्या हातावर पेढा ठेवायचा आणि अंगठा घ्यायचा. वाटा मागणाऱ्या बहिणीला माहेर राहत नाही म्हणतात. म्हणून बहिणी मागत नाहीत आणि भाऊ विषय काढत नाहीत. अशा किती नव्या साड्या माझ्यासमोर येऊन गेल्या. मला वाटायचं, सण आहे.

चिमणाबाई जांभळी साडी नेसून आल्या होत्या. घडी मोडली नव्हती अजून. त्यांनी अंगठा टेकवला, पण मला काही दिसेना. जन्मभर राखेने भांडी घासून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा पार गुळगुळीत झाल्या होत्या.

“आक्का, अंगठा जरा केसातनं फिरवा,” विश्वजित म्हणाले. “तेल लागलं की उठतोय बघा.”

त्यांनी फिरवला. तरी नाही. “झिजलाय वं माझा अंगठा,” असं म्हणून त्या पदराआड हात लपवायला लागल्या. माझंही तोंड उतरलं. आम्ही दोघंही आपापल्या परीने खजील झालो होतो.

घर घेणारे शार्दूल आणि अदिती, नवराबायको, शेजारी बसले होते. चिमणाबाईंना अवघडलेलं पाहून अदिती सहज बोलायला गेली, “मावशी, तुम्ही आता कुठं राहायला जाणार?”

“कुठं म्हंजे?” चिमणाबाई हसल्या. “हाय तितंच की. तुमी फुडं ऱ्हावा, मी मागल्या खोलीत ऱ्हातो. लेकरं झाली की सांभाळतो तुमची. हंबीरनं सांगितलंय न्हवं तुमास्नी?”

अदितीने नवऱ्याकडे पाहिलं, शार्दूलने हंबीररावांकडे पाहिलं, आणि हंबीरराव हातातला पेढ्यांचा पुडा नीट बांधायला लागले. तो आधीच नीट बांधलेला होता.

टेबलामागे बसलेल्या, दस्त नोंदवणाऱ्या मॅडमनी हे ऐकलं. त्यांनी दस्त पुढे ओढला आणि चिमणाबाईंना सरळ विचारलं, “यात काय लिहिलंय ते तुम्हाला सांगितलंय का? यापुढं या घरात तुमचा कसलाही हक्क राहणार नाही. आणि लगेच विक्री आहे, घर पूर्ण रिकामं द्यायचं आहे. कबूल आहे का तुम्हाला?”

चिमणाबाईंनी भावाकडे पाहिलं. भावाने मान वर केली नाही.

मित्रांनो, मी रोज अंगठे बघतो, चेहऱ्यांशी माझा संबंध नाही. पण तो चेहरा मी बघितला. डोक्यावरचं छप्पर गेल्याचं त्यांना त्या क्षणी कळलं होतं. त्यांनी नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तर दस्त तिथेच थांबला असता. मी मनात म्हणत होतो, म्हणा आक्का, म्हणून टाका! पण समोर परकी माणसं होती, आणि त्यांच्यापुढे आपला भाऊ खोटा पडत होता.

“व्हय, म्हाईत हाय की मला,” त्या म्हणाल्या. “मगाशी आपली गंमत केली पोरीची. कबनूरला लेक हाय माझी, क्रांती. तिच्याकडंच जायाचं ठरलंय.”

जावयाच्या दारात राहायला जाणं आमच्याकडच्या बाईला किती जड जातं, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हे आत्ताच, बसल्या जागी ठरलंय, हेही सगळ्यांना कळलं होतं.

मग त्यांनी डोळा पुसला, त्याच अंगठ्याने, आणि तो ओला अंगठा माझ्या काचेवर ठेवला. आजवर प्रत्येक अंगठा उठावा म्हणून मी धडपडलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच मला वाटलं, उठू नये. बंद पडावं, वायर तुटावी, वीज जावी. पण कोरड्या अंगठ्यापेक्षा ओला अंगठा लवकर उठतो. सगळ्या रेषा स्वच्छ उमटल्या.

“आला, आला!” विश्वजित सवयीने ओरडले आणि लगेच गप्प झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरेदीपत्राला हंबीररावांचा अंगठा चटकन उठला. मग फोटो काढायचा होता. विश्वजित सांगत होते, “काका, वर बघा. काका, कॅमेऱ्यात बघा.” त्यांची मान काही वर होईना. कचेरी खोळंबली.

शेवटी मागच्या बाकावरून चिमणाबाई म्हणाल्या, “हंबीर, वर बघ की रं. फोटू चांगला येऊ दे.”

मित्रांनो, मी साधा डबा, पण एक विनंती करतो. तुमच्या घरातही कधीतरी घर विकायची वेळ येईल. तेव्हा तुमच्या आत्याला, आईला, बहिणीला आधी घरी बसवून सगळं सांगा. तिला ‘नाही’ म्हणता येईल अशा ठिकाणी विचारा. नवी साडी नेसवून, चार परक्या माणसांत, माझ्यासमोर आणून विचारू नका. मला विचारता येत नाही, थांबवता येत नाही. मला फक्त अंगठा घेता येतो.