परवडणारी खुर्ची

मित्रांनो, मानवजातीचा सगळा भार आजवर आमच्या कुळाने वाहिला आहे. राजांनी आमच्यावर बसून लढाया पुकारल्या, न्यायाधीशांनी आमच्यावर बसून निकाल दिले. माझ्यावर पहिल्याच दिवशी फर्निचरच्या दुकानाच्या मालकाने आपला जेवणाचा डबा ठेवला.

मी एक जुनी आरामखुर्ची आहे. जुनी आहे, पण वापरलेली नाही. निदान कागदोपत्री तरी नाही. एका म्हाताऱ्या सुताराने माझा सागवानी सांगाडा जोडला, त्याच्या मुलीने चामडे शिवले. माझ्या उजव्या हाताखाली, आतल्या बाजूला एक दांडी आहे. ती ओढली की पाठ मागे जाते आणि बसणाऱ्याचे पाय वर येतात. "हिच्यात बसला की माणूस भांडण विसरतो," असे सुतार म्हणाला होता. मी दुकानाच्या काचेजवळ उभी राहून घराची वाट पाहू लागले.

सात वर्षे पाहिली. लोक यायचे, किमतीची चिठ्ठी उलटून बघायचे आणि चटका बसल्यासारखी सोडून द्यायचे. त्यांचे मला वाईट वाटले नाही. नाही परवडत, तर नाही. दगा दिला तो परवडणाऱ्यांनी.

त्यातले पहिले काका. निवृत्त सर्व्हेअर. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजलेला माणूस. डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळी पाऊण तास चालायला सांगितले होते. दुकानापर्यंत दहा मिनिटे, परतीची दहा, उरलेली पंचवीस माझ्यात. पाऊण तास अगदी बरोबर भरत असे. डोळे मिटून ते मालकाला म्हणत, "घ्यायची म्हटली तर आत्ता घेईन हो. पण आमच्या हिला उधळपट्टी खपत नाही. घरी बोलू नका."

दुसऱ्या काकू. त्या दर सोमवारी दुपारी भाजीची पिशवी घेऊन येत, चपला काढत आणि दांडी ओढून पाय वर घेत. "आमच्या ह्यांना चैन म्हटली की अंगावर काटा येतो," त्या म्हणत. "त्यांना कळायला नको."

मालकाने दोघांनाही वचन दिले होते. ही दोघे एकाच घरातली, हे त्याला ठाऊक होते आणि मलाही. आज ना उद्या एकजण तोंड उघडेल, अशी माझी खात्री होती. जेवताना एक वाक्य बोलायचे, त्यात काय अवघड?

मग दुकानात नवे पलंग यायचे ठरले आणि जागा कमी पडू लागली. मालक म्हणाला, "शनिवारपर्यंत गेली तर गेली. नाहीतर दातांच्या दवाखान्यात देऊन टाकतो. डॉक्टर कधीचे मागतायत."

शनिवारी काका-काकू जोडीने आले. माझ्या स्प्रिंगा आपोआप ताणल्या गेल्या. त्यांना प्लॅस्टिकचे स्टूल हवे होते, माळ्यावरचे सामान काढायला.

मालकाने घसा खाकरला. "काकू, ही खुर्ची एकदा बघून घ्या. उद्या जातेय."

काकांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे माणूस दुसऱ्याच्या लग्नातल्या तिसऱ्याच पाहुण्याकडे पाहतो. "ही होय? कधी लक्षच गेलं नाही."

"भलतीच ऐसपैस आहे," काकू म्हणाल्या. "आपल्याकडे कोणाला वेळ आहे लोळत पडायला?"

"तेच म्हणतो मी. घ्यायच्या तर चार घेऊ. पण घ्यायची कशाला?"

दोघांनी एकमेकांकडे मोठ्या अभिमानाने पाहिले.

"अहो, निदान पाठ कशी मागे जाते ते तरी बघा," मालक म्हणाला. तो स्वतः माझ्यात कधी बसला नव्हता. डावीकडे चाचपडत राहिला.

"उजवीकडे. आतून," काकू म्हणाल्या.

मालकाच्या हाताला दांडी लागली.

"तुला कसं माहीत?" काकांनी विचारले.

"सगळ्या खुर्च्यांना तिकडेच असते."

सगळ्या खुर्च्यांना दांडीच नसते, हे काकांना कळत होते. पण आणखी एक प्रश्न विचारला असता, तर पुढचा प्रश्न त्यांना आला असता. "असेल," ते म्हणाले. "स्टूल तेवढं बांधून द्या."

जाताना काकूंची बोटे माझ्या हातावरून फिरली, धूळ आहे का बघावे तशी. ते स्टूल दोघांनी मिळून उचलून नेले. एकट्याला सहज झेपले असते.

आता मी दातांच्या दवाखान्यात आहे. इथे लोक माझ्या काठावर ताठ बसतात, गाल धरून. दांडी कोणी ओढत नाही.

मित्रांनो, परवडत असूनही चैन न करणे हा मोठा सद्गुण आहे, असे तुम्हाला शिकवले असेल. खुशाल करू नका चैन. पण जिच्या कुशीत रोज सुस्कारे सोडलेत, तिला चारचौघांत ओळख तरी दाखवा. आणि घरातल्या माणसाला आपल्याला काय आवडते ते एकदा सांगून बघा. तेही जमत नसेल, तर राहू द्या. बसण्याआधी मागच्या खिशातल्या किल्ल्या तेवढ्या काढून ठेवा.