बिनआरशाचा कॅमेरा

कॅमेरा सोमवारी सकाळी आला आणि दुपारच्या जेवणापर्यंत फोटोग्राफरकाकांची त्याला नावं ठेवून झालीसुद्धा.

कॅमेरा त्यांचा नव्हता. कॅमेऱ्यांच्या दुकानाचा मालक काकांचा जुना मित्र. नुकतंच बाजारात आलेलं हे बिनआरशाचं मॉडेल त्यानेच त्यांच्या हातात ठेवलं होतं. म्हणाला, "गुरुवार संध्याकाळपर्यंत वापर. आवडला तर ठेव, नाही तर परत दे. फक्त पहिल्यांदा हाताळून काय वाटलं, ते एक पान लिहून दे. तुझ्यासारख्या जुन्या माणसाचं मत लोक वाचतात." 'जुन्या' हा शब्द काकांना झोंबला, पण नवा कॅमेरा हाताळायला मिळतोय म्हटल्यावर त्यांनी तो मुकाट्याने गिळला.

मग त्यांनी पान घेतलं आणि लिहिलं : 'एक. फार हलका. हातात काही धरलंय असं वाटतच नाही. दोन. आत आरसा नाही. तीन. आवाज अगदीच बारीक, कोणीतरी लाजत लाजत शिंकल्यासारखा.'

हे तिसरं कलम काकांच्या दृष्टीने सगळ्यात गंभीर होतं. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात आरसा होता. बटण दाबलं की तो वर उचलला जायचा आणि 'खटक' असा दणदणीत आवाज व्हायचा. काकांचा सगळा धंदा त्या खटकवर उभा होता. समोरच्याला स्टुलावर बसवायचं, हनुवटी बोटभर वर करायला लावायची, मग खणखणीत आवाजात म्हणायचं, "एक, दोन, तीन." तीनला खटक, खटकबरोबर फ्लॅशचा लखलखाट, आणि समोरच्याने रोखून धरलेला श्वास सोडायचा. त्या भागातली अर्धीअधिक माणसं असा श्वास रोखून मोठी झाली होती. काकांना मागून लोक 'एकदोनतीन' म्हणायचे, आणि काकांना ते ठाऊक होतं.

या एकदोनतीनपुढे फक्त एक माणूस कधी टिकलं नाही, आणि ती त्यांची बायको.

बायको इस्पितळात मेट्रन. बाई अशी खमकी, की मोठमोठे डॉक्टर वॉर्डात शिरताना आधी बूट पुसायचे. रक्त बघून हिचा हात कधी थरथरला नाही. पण खटक झाली की हिचे डोळे मिटलेच. लग्नाच्या फोटोत मिटलेले. लेकीच्या बारशाच्या फोटोत लेक टक्क जागी आणि आई झोपलेली. काकांनी न सांगता फोटो काढून पाहिले, दोनवरच बटण दाबून पाहिलं, एकदा तर चारपर्यंत मोजलं. काही उपयोग झाला नाही. तीस वर्षांत गावभरच्या माणसांचे हजारो फोटो काढणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या बायकोचा उघड्या डोळ्यांचा एकही फोटो नव्हता.

इतकी वर्षं हा घरातला विनोद होता. आता मात्र गोष्ट गळ्याशी आली होती. मेट्रनबाई शुक्रवारी निवृत्त होत होत्या. इस्पितळाच्या लांबलचक बोळात आधीच्या चार मेट्रनचे फोटो ओळीने लावलेले होते, आणि पाचव्याचा खिळाही ठोकून झाला होता. ऑफिसातल्या क्लार्कने बजावलं होतं, फोटो गुरुवारी दुपारी दोनपर्यंत हातात हवा, फ्रेमवाला त्यानंतर थांबणार नाही.

"रात्रपाळीला डुलक्या घेतात म्हणून मी पोरींना तीस वर्षं बोलत आले," मेट्रनबाई मंगळवारी चहा गाळता गाळता म्हणाल्या. "आणि आता मीच भिंतीवर झोपून राहू? पोरी काय म्हणतील हो?"

"मी काढतो ना. होईल नीट."

"तुम्ही तीस वर्षं काढताय. हे बघा, राग मानू नका. त्या चौकातल्या स्टुडिओत नवा मुलगा बसतो, तो चांगले काढतो म्हणे. परवा दुपारच्या सुट्टीत मी त्याच्याकडे जाऊन येते."

काकांनी पुढे आलेला कप तसाच मागे सारला. चौकातला तो मुलगा कालपरवापर्यंत त्यांच्याकडे शाळेच्या दाखल्याला लागणारे फोटो काढून घ्यायला यायचा. त्याच्या नावाचा शिक्का पाठीवर असलेला बायकोचा फोटो इस्पितळाच्या भिंतीवर कायमचा लागणार, आणि खालून जाणारा प्रत्येक जण विचारणार, काकांनी का नाही काढला? लोकांचंही एक वेळ जाऊ दे. त्यांचं त्यांनाच ते सहन होण्यासारखं नव्हतं.

"उद्या दुपारी ये आपल्या दुकानात," ते म्हणाले. "एकदाच. नाही जमलं तर जा त्याच्याकडे."

बुधवारी दुपारी मेट्रनबाई गणवेशाच्या कडक इस्त्रीच्या साडीत आल्या आणि स्टुलावर बसल्या. काकांनी आधी जुना कॅमेरा घेतला. एक, दोन, तीन, खटक. मिटले. पुन्हा. मिटले. अकरा फोटो झाले, अकराही वेळा बाई गाढ झोपेत. बाराव्याला काका मोजायच्या आधीच त्यांनी डोळे मिटून घेतले आणि स्वतःच हसायला लागल्या.

"राहू द्या हो. माझेच डोळे वाईट."

"थांब जरा." काकांचा चेहरा उतरला होता. त्यांनी नाइलाजाने नवा कॅमेरा स्टँडवर चढवला. आदल्या संध्याकाळी लेक तो बाळाचे फोटो काढायला आपल्या घरी घेऊन गेली होती आणि सकाळी परत आणून ठेवताना म्हणाली होती, "बाबा, सगळं ऑटोवर टाकलंय. कशाला हात लावू नका, नुसतं बटण दाबा." दुकानातली कॉम्प्युटरची सगळी कामं लेकच करायची, त्यामुळे असल्या बाबतीत काका तिचं निमूट ऐकायचे.

मागच्या पडद्यावर बायकोचा चेहरा दिसला आणि तिच्या डोळ्यावर एक छोटीशी चौकट येऊन बसली. हा कोण माझ्या बायकोच्या डोळ्यात बघणारा, असं काकांच्या मनात आलं. तरी त्यांनी घसा साफ केला. "एक, दोन, तीन."

काहीच झालं नाही. खटक नाही, सोमवारची ती लाजरी शिंकही नाही, फ्लॅशसुद्धा पेटला नाही. बाईंनी मात्र शिकवल्यासारखे तीनला डोळे मिटले होते. त्यांनी ते हळूच उघडले.

"झाला?"

"कसला होतोय. एक, दोन, तीन." पुन्हा शुकशुकाट. काकांनी तार हलवून पाहिली, फ्लॅशच्या छत्रीवर टिचकी मारली, बटण दोनदा दाबलं, चारदा दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात कसलासा आकडा दर वेळी एकेकाने कमी होत होता. बॅटरी उतरतेय, असा काकांनी त्याचा अर्थ लावला. "घ्या. उद्घाटनालाच गचकला. हलका म्हणजे किती हलका असावा माणसाने. आत काही घातलंय तरी का यांनी?"

त्यांनी मित्राला फोन लावला. फोन लागेना. एका हाताने फोन कानाला आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या मेल्या बटणावर, असा त्यांचा थयथयाट सुरू झाला. बटण दाबायचे, कॅमेऱ्याला दोन शब्द सुनवायचे, पुन्हा दाबायचे. फोटो निघत नाहीये म्हटल्यावर बाई स्टुलावर ऐसपैस बसल्या, मांडीवर हात ठेवले आणि नवऱ्याचा तमाशा बघत राहिल्या. मध्येच त्यांनी पदराआड हसून घेतलं. मध्येच म्हणाल्या, "अहो, रक्तदाब वाढेल तुमचा."

"वाढू दे." काकांनी फोन ठेवला. आवाज एकदम खाली आला. बोट अजून सवयीने बटण दाबतच होतं. "सगळ्या जगाचे फोटो काढले मी. ज्यांची नावंसुद्धा आठवत नाहीत, त्यांचे चांगले निघाले. तुझा एक निघू नये? एक? मला स्वतःची लाज वाटते, खरं सांगतो."

बाई स्टुलावरून उठल्या. काकांच्या शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली आणि म्हणाल्या, "चला, मला ड्यूटी आहे. भाजी झाकून ठेवलीय, गरम करून घ्या."

त्या गेल्यावर काकांनी पान पुढे ओढलं आणि लिहिलं : 'चार. आवाज करत नाही. बंद पडला आहे. परत घेऊन जाणे.' त्या रात्री ते कोणाशी धड बोलले नाहीत.

गुरुवारी सकाळी लेक दुकानात आली. कॅमेरा परत करायचा म्हणून तिने आतलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं.

"बाबा, काल आईचे किती फोटो काढलेत?"

"एकही नाही. तो मेलाय."

"इथे एकशे सेहेचाळीस आहेत."

काका खुर्चीवरून उठले ते चष्मा न घेताच उठले. लेकीने जीभ चावली. "माझंच चुकलं. मंगळवारी बाळ झोपलेलं असताना त्याचे फोटो काढले ना, तेव्हा मी याचा आवाज बंद केला होता. चालू करायला विसरले. आवाज बंद असला की हा फ्लॅशही पेटू देत नाही. खिडकीच्या उजेडातच काढत बसला बिचारा."

तिने एकेक फोटो पुढे सरकवायला सुरुवात केली. पहिला, मिटलेले. दुसरा, मिटलेले. मग काकांनी मोजणं सोडलं होतं, आणि तिथून पुढे डोळे उघडे. तारेकडे बघणारे डोळे. छत्रीवरच्या टिचकीला वर गेलेल्या भुवया. पदराआडचं हसू. तोंडावर आलेलं, पण बोलायचं राहून गेलेलं काहीतरी. काका श्वास रोखून बघत होते आणि तो सोडायला सांगणारी खटक काही होत नव्हती.

शेवटून तिसऱ्या फोटोशी लेक थांबली. बाई ताठ बसल्या होत्या, गणवेशाची इस्त्री जागच्या जागी होती, हनुवटी कोणी न सांगता बोटभर वर होती. डोळे पूर्ण उघडे आणि थोडे ओले. समोरच्या माणसाबद्दल जे काही वाटत होतं, ते सगळं त्यात होतं.

"हा कधीचा?" लेकीने हळूच विचारलं.

काकांना नेमकं ठाऊक होतं, कधीचा ते. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेबारा वाजत आले होते आणि एक वाजता बायको चौकातल्या मुलाकडे जाणार होती.

प्रिंट पुरती वाळायच्या आत काका ती पुठ्ठ्यात धरून निघाले. इस्पितळाच्या दारात बाई पर्स खांद्याला लावून बाहेर पडतच होत्या. काकांना दम लागला होता. त्यांनी नुसता पुठ्ठा पुढे केला.

बाईंनी फोटो पाहिला. चष्मा लावून पुन्हा पाहिला.

"हा कधी काढलात?"

"कॅमेऱ्याला शिव्या घालत होतो तेव्हा."

"म्हणजे तुम्ही माझ्याकडे बघतही नव्हतात."

"नाही. कॅमेऱ्याकडे बघत होतो."

"मी तुमच्याकडे बघत होते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पर्स खांद्यावरून उतरवली आणि फोटो स्वतः क्लार्कच्या टेबलावर नेऊन ठेवला.

शुक्रवारी फोटो भिंतीवर चढला. चार मेट्रन समोरच्या भिंतीकडे बघत होत्या आणि पाचवी कोणा माणसाकडे. रात्रपाळीच्या पोरी म्हणाल्या की आता या बोळात डुलकी घ्यायची सोय राहिली नाही. मेट्रनबाई खूश झाल्या. काका मात्र बराच वेळ फोटोपुढे उभे राहिले. तीस वर्षं ती नजर घरात होती आणि दर वेळी आपणच मोजून ती मिटवत आलो, हे त्यांना आत कुठेतरी लागत होतं. त्यांनी बायकोचा हात धरला, पोरींच्या देखत, आणि तिने तो काढून घेतला नाही.

कॅमेऱ्याच्या दुकानदाराला ते पान एक दिवस उशिरा मिळालं. त्यावर पहिल्या तीन कलमांवर काट मारलेली होती. चौथ्यातलं फक्त पहिलं वाक्य ठेवलं होतं, आणि त्यापुढे काकांच्या ठसठशीत अक्षरात भर घातली होती : 'आवाज करत नाही. म्हणून ठेवून घेतो आहे.'