ओला भुसा

मी एक जुना आरा आहे, मित्रांनो. भिंतीवर टांगलाय म्हणून मला शोभेची वस्तू समजू नका. आणि उतरवून बघायचं असेल तर एकट्याने हात लावू नका. मला दोन्ही टोकांना मुठी आहेत. एकट्या माणसाच्या हाताने मी कधी चाललो नाही.

माझा विश्वास कोणावर पटकन बसत नाही, हेही आधीच सांगतो. माझं पातं विलायती पोलादाचं. मुठी चांद्याच्या एका सुताराने बसवल्या. विकताना तो म्हणाला, महिनाभर कानस लावायची गरज नाही. तिसऱ्या दिवशी लावावी लागली. तेव्हापासून माणसाचं बोलणं मी ऐकतो, पण भरवसा ठेवतो तो मुठीवरच्या हातावर.

मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. धान घरात आलं की सावली या बाजारगावाकडचे गडी जंगलात सागवान चिरायला यायचे. आमचे सिलिपाट, म्हणजे रुळांखालच्या आडव्या तुळया, बैलबंडीतून वडशाला जायचे आणि तिथून रेल्वेने पुढे. उंच लाकडी घोड्यांवर ओंडका चढवायचा. गेरूत भिजवलेल्या दोऱ्याने त्यावर रेघ मारायची. एक गडी ओंडक्यावर उभा राहतो, एक खाली. वरचा रेघ सांभाळतो, खालचा ओढतो, आणि सगळा भुसा खालच्याच्या तोंडावर पडतो. डोळे लाल होतात, नाक भरतं. म्हणून खाली कोणालाच आवडत नाही. सकाळी एक, दुपारी दुसरा, अशी पाळी लावतात.

माझे गडी लटारू आणि सुकलू. लटारू भांडखोर, तोंडाने फाटका. सुकलू दंडारीतला, म्हणजे गावच्या नाटकातला, सोंगाड्या. त्याने नुसती मान वाकडी केली तरी म्हाताऱ्या पोट धरून हसायच्या. या दोघांनी चिरलेल्या फळीला रंधा लागत नाही, असं लोक म्हणायचे. स्तुती ऐकून मलाही बरं वाटायचं, कशाला नाही म्हणू?

त्या हिवाळ्यात सुकलू पहिल्याच दिवशी म्हणाला, "मी खालीच राह्यतो. तू वर राय."

"आन् दुपारी?"

"दुपारी बी मीच."

झालं! जी जागा कोणी घेत नाही ती एखादा मागून घेतो तेव्हा काहीतरी गोम असणारच. लटारूला संशय आला. खरं सांगतो, मलाही आला. सुकलूचा हात मुठीवर असायचा, पण त्यात ओढ नव्हती. मी खाली गेलो की तो मला नुसता धरून ठेवायचा. जेवायच्या सुट्टीत भाकर उघडायचा आणि कुत्र्याला घालायचा. डोळे सारखे वाहत असायचे. कोणी विचारलं तर म्हणायचा, "भुसा गेला."

दंडारीला नाही म्हणाला. मग जो तो आपापला संशय घेऊन बसला. मुकादम रामाजीला वाटलं हा दारू पितो. त्याने जवळ जाऊन वास घेतला, मोहाचा वास आला नाही. सुकलूची बायको भागीरथा हिला वाटलं सावलीत कोणी बाई आहे. गावाला वाटलं कोणी करणी केली. लटारूला वाटलं, याने दुसऱ्या ठेकेदाराचं काम धरलंय आणि इथे मुद्दाम ढिला ओढतोय. एवढे सगळे जण त्याच्यावर डोळा ठेवून होते, आणि एकानेही त्याला सरळ विचारलं नाही, की बाबा, तुला बरं वाटतं का?

मला या गोष्टीचा आजही राग येतो. हे बाप्ये रानात वाघाची डरकाळी ऐकून आपल्या जागी उभे राहतात. पण 'मले बरं नाई वाटत' एवढं म्हणायला त्यांची जीभ उचलत नाही. आणि दुसऱ्याने म्हटलं तर ऐकायला कान नसतात.

पूस महिन्यात, भर थंडीत, एक ओंडका आला, नाल्यातून ओढून आणलेला, आतपर्यंत ओला. पहिल्या दिवशी अर्धा चिरून झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी लटारू म्हणाला, "आज मी खाली."

"नोको!" सुकलू एकदम ओरडला.

"काऊन नोको? काय लपवून ठेवलं खाली?"

लटारू खाली उतरला. त्याने भुशात पाय घालून पाहिला, घोडीमागे पाहिलं. बाटली नाही, काही नाही. गुरकावत त्याने माझी खालची मूठ धरली. सुकलू नाइलाजाने वर चढला. आम्ही सुरू झालो.

थोड्या वेळाने लटारू थांबला. त्याने गालावरून हात फिरवला. ओल्या लाकडाचा भुसा उडत नाही, मित्रांनो. गोळे होऊन सरळ पायाशी पडतो. लटारूचे डोळे कोरडे होते. काल सुकलू याच ओंडक्याचा अर्धा भाग चिरून 'भुसा गेला' म्हणून दिवसभर डोळे पुसत होता.

लटारूने वर पाहिलं. वर लपायला जागा नसते. माझ्या पात्यावर पाणी पडत होतं. सुकलूला गेरूची रेघ दिसत नव्हती, आणि मी रेघ सोडून भलतीकडे चाललो होतो. सिलिपाट वाया गेला.

रामाजी धावत आला. "आंधळा झाला का बे? अरे, हे तं रडून राह्यलं! बायकोवानी रडून राह्यलं!"

सगळे गडी हसले. सुकलू उतरला. त्याने कमरेची तंबाखूची चंची काढली आणि लटारूच्या हातात दिली.

"ठेव तुले."

"मले कायले?"

"मले आता काय करायची आहे."

आणि तो नाल्याच्या वाटेने निघाला.

लटारूने चंचीकडे पाहिलं. सुकलूने आजवर मागितल्याशिवाय कोणाला चिमूटभर तंबाखू दिली नव्हती. मी ओंडक्यात अडकलेला होतो. मला वाटलं, हा भांडखोर माणूस आता चंची खिशात घालेल. पण संशयी माणसाचा एक गुण असतो, तो गोष्ट सोडत नाही. लटारू धावला. नाल्याच्या काठावर त्याने सुकलूचा दंड धरला. तिथलं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं, कारण नाला जवळच होता आणि लटारूला हळू बोलता येत नाही.

"दुसऱ्याचं काम धरलं?"

"नाई."

"बाई आहे?"

"नाई रे."

"मंग झालं काय?"

"काईच नाई झालं. तेच तं समजून नाई राह्यलं. झोप येत नाई. भाकर मातीवानी लागते. सकाळ झाली का वाटते, काऊन झाली?"

मग लटारूने जे विचारलं, ते विचारायला छाती लागते.

"जीव द्याचा विचार करून राह्यला का?"

सुकलूने नाल्याकडे पाहिलं.

"हो."

लटारू चिडला. "दिवसभर तू खाली, मी वर. आन् मले पत्ता नाई! चाल."

"कुठी?"

"सावलीले. सरकारी दवाखान्यात."

"मले ताप आहे का? लोक पागल म्हनतीन."

"म्हनू दे. मले तं अगोदरच म्हनतेत."

सुकलू हसला नाही. पण निघाला.

लटारूने मलाही बंडीत घातलं, रामाजीच्या भरवशावर सोडायला तो तयार नव्हता. म्हणून दवाखान्याच्या ओसरीत भिंतीला टेकून मी सगळं पाहिलं. डॉक्टर तरुण होता. लटारूच बोलायला लागला तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही थांबा जरा. त्यांना बोलू द्या." सुकलू बोलेचना. डॉक्टरनेही घाई केली नाही. इतका शांत माणूस पाहून मला शंकाच आली, म्हटलं हाही सुतारासारखाच निघेल. पण सुकलू बोलायला लागला, आणि डॉक्टर मधे एकदाही हसला नाही.

शेवटी तो म्हणाला, "हा आजार आहे. कोणी करणी केलेली नाही, तुम्ही आळशीही नाही. दर बाजाराच्या दिवशी या. आणि सध्या एकटे राहू नका." झोपेचं औषध त्याने सुकलूच्या हाती न देता लटारूच्या हाती दिलं. तेव्हा कुठे माझा थोडा विश्वास बसला.

घरी भागीरथा अंगणात वाट पाहत उभीच होती. सगळं ऐकल्यावर ती सुकलूवर बरसली, "मी समजली का सावलीत कोनी ठेवली! एवढं होतं तं मले काऊन नाई सांगतलं? मी काय गावात दवंडी पिटली असती?"

"पिटली असती," सुकलू म्हणाला.

ती हसली आणि रडलीही. पण दवंडी तिने पिटली नाही, हे मी सांगतो.

सुकलू एका हिवाळ्यात बरा झाला असं सांगितलं तर तुम्ही मला खोटा म्हणा. चांगले दिवस आले, मग पुन्हा वाईट आले. काही बाजारांना तो जायला तयार नसायचा आणि लटारू शिव्या देत त्याला न्यायचा. पाळी पुन्हा लागली, सकाळी एक, दुपारी दुसरा. रामाजी तोंड उघडायला लागला की लटारू मला उचलून त्याच्याकडे पाहायचा. रामाजी गप्प व्हायचा.

पुढे आरा मशीन आलं. माझ्यावर गंज चढला. वर्षानुवर्षं मी गोठ्याच्या आढ्याला धूळ खात पडलो, कोणाला माझी आठवण राहिली नाही. मग लटारूच्या नातवाने पुसून मला या शाळेच्या भिंतीवर टांगलं. पुसलंत तर तेल लावा, नाहीतर हात लावू नका, एवढंच मी माझ्यासाठी मागतो.

दुसरं मागणं मोठं आहे. तुमच्या घरात बाप आहे, काका आहे, मोठा भाऊ आहे. तो म्हणेल, काही नाही, डोळ्यात भुसा गेला. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्याच्या जागी जाऊन उभे राहा आणि भुसा ओला आहे की कोरडा ते बघा. तुमच्याने नाही पेललं तर मोठ्या माणसाला सांगा, दवाखान्यात न्यायला लावा. आणि पोरांनो, उद्या तुम्हीही बाप्ये होणार आहात. तेव्हा सुकलू जे शिकला ते तुम्ही आजच शिका.

दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. कोरडा ओंडका होता, भुसा नुसता उडत होता. सुकलू खाली होता. अचानक त्याने माझी मूठ सोडली आणि वर पाहिलं. चेहरा भुशाने माखलेला, डोळे वाहत होते. कोणालाही खरं वाटलं असतं.

"लटारू," तो म्हणाला, "आज भुसा नाई."

लटारूने मला ओंडक्यात तसंच ठेवलं आणि तो खाली उतरला.