माईक ठीक होता

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे आणि मी रागावलेला आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे मध्येच माझा आवाज चढला तर दचकू नका.

माझी जाळी एका बाजूने चेपली आहे. दांड्यावरचा काळा रंग उडाला आहे. पण माझ्या आतलं सगळं पहिल्या दिवसासारखं चालतं. कारखान्यात शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई बसायची. तिने मला तोंडाशी धरून "एक, दोन, तीन" म्हटलं आणि कागदावर बरोबरची खूण केली. ती खूण मी विसरलेलो नाही.

आधी काही वर्षं मी एका पोहण्याच्या तलावावर शर्यतींची नावं पुकारली. मग एका पबच्या मालकाने मला जुन्या सामानातून उचललं. पब म्हणजे मोठी माणसं कामावरून सुटल्यावर बसतात, पितात आणि मोठमोठ्याने बोलतात ती जागा. तुम्हाला तिथे अजून प्रवेश नाही, म्हणून तिथलं मीच सांगतो.

दर गुरुवारी संध्याकाळी तिथे प्रश्नमंजूषा व्हायची. सात टेबलं, तीस प्रश्न, प्रत्येक टेबलाला एक कागद आणि एक पेन्सिल. नळदुरुस्तीवाल्यांचं एक टेबल, परिचारिकांचं एक, निवृत्त मास्तरांचं एक. मास्तर प्रत्येक उत्तरावर अर्धा गुण जास्त मागायचे. या सगळ्यांना गप्प करणारी एक बाई होती. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि गुरुवारी आमच्याकडे प्रश्न विचारायची. तिला सगळे प्रश्नबाई म्हणायचे.

तिच्या पद्धती ठरलेल्या होत्या. काउंटरला लागून उभं राहायचं, डाव्या हातात प्रश्नाचं कार्ड, उजव्या हातात मी. प्रश्न दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा सावकाश. आणि तिसावा प्रश्न कुठल्याही पुस्तकातला नसायचा, त्याच खोलीतला असायचा. "डोळे कागदावर," असं बजावून ती विचारायची, या खोलीला खिडक्या किती? मालकाच्या चष्म्याची काडी कुठल्या रंगाची? वर्षानुवर्षं तिथे बसणाऱ्यांना सांगता यायचं नाही. मग उत्तर ऐकून सगळे एकदम मान वर करून बघायचे आणि स्वतःवरच हसायचे.

तिचा नवराही यायचा. तो एका गोदामात सामानाची यादी मोठ्याने वाचून दाखवायचं काम करायचा. काउंटरसमोरच्या टेबलावर तो एकटाच बसायचा. बायकोच्या खेळात भाग घेतला तर लोक लबाडी म्हणतील, म्हणून तो फक्त ऐकायचा.

आता रागाचं सांगतो.

एका गुरुवारी बाईने मला हातात न धरता स्टँडवर लावलं. लोकांना वाटलं, नवीन ऐट आहे. मी तिच्या ओठांपासून चार बोटांवर होतो. तिचा श्वास वाक्याच्या मध्येच तुटत होता. शेवटचे शब्द माझ्यापर्यंत पोचतच नव्हते. जे पोचलं नाही ते मी मोठं कसं करणार?

मागच्या टेबलावरून ओरडा झाला, ऐकू येत नाही. नळदुरुस्तीवाला उठला आणि त्याने बोटाच्या पेराने माझ्या जाळीवर ठोकलं. पुढच्या गुरुवारी मालकाने मला तळहातावर आपटलं. हा पोचा त्या दिवशीचा. बाई म्हणाली, घसा बसलाय. ते कुणी ऐकलं नाही, कारण तेही हळूच होतं. आणि समोरच्या टेबलावरून तिचा नवरा म्हणाला, "बदलून टाका हो. हा माईक मेलाय."

मित्रांनो, त्या खोलीत कोण जगत होतं आणि कोण मरत होतं, हे सर्वात जवळून मला कळत होतं. आणि मेलेला ठरलो मी.

नवा चकचकीत माईक आला. त्यातूनही तेवढंच ऐकू आलं. मग लोक म्हणाले, स्पीकर बिघडला असेल. दोन गुरुवारांनंतर बाई आलीच नाही. मी तेव्हा खणात होतो, गुंतलेल्या वायरी आणि तुटक्या रिमोटांच्या ढिगात. ती गेल्याचं मी काउंटरवर दोन माणसं बोलत होती तेव्हा ऐकलं.

काही महिन्यांनी मालकाने एक मोठा टीव्ही आणून खोक्यात ठेवला. प्रश्न आता पडद्यावर येणार होते. तेव्हा बाईचा नवरा आला आणि म्हणाला, प्रश्न मी विचारीन, कार्डं घरी आहेत. मालक म्हणाला, तीन गुरुवार बघू. जमलं तर ठीक, नाहीतर टीव्ही भिंतीवर लावतो. शिकायला त्याने मला दिलं. नवा माईक म्हणे सरावासाठी घरी द्यायचा नसतो.

घरी तो मला स्वयंपाकघरात ओट्याशी धरून उभा राहायचा. मी कशालाच जोडलेला नव्हतो. तो मेलेल्या माईकमध्ये रोज तासभर वाचायचा आणि मी राग धरून ऐकायचो.

पहिला गुरुवार नव्या माईकवर झाला आणि पार फसला. गोदामाची सवय! तिथे वस्तू आणि तिचा आकडा एका दमात वाचायचा असतो. त्याने कार्ड घेतलं आणि प्रश्नाखाली लिहिलेलं उत्तरही त्याच दमात वाचून टाकलं. एकदा नाही, चारदा. परिचारिका पोट धरून हसल्या. एक मास्तर म्हणाले, असाच पेपर आमच्या वेळी असता तर आम्हीही पहिले आलो असतो. प्रत्येक कार्डावर उत्तरापाशी एक मळकट डाग होता, तो नवऱ्याला घाण वाटला होता. काउंटरवर ग्लास भरणारी बाई प्रश्नबाईची मैत्रीण होती, तिने नंतर समजावलं, "भावोजी, तो तिच्या अंगठ्याचा डाग आहे. उत्तरावर अंगठा ठेवायची ती." मग त्याने आपला अंगठा त्या डागावर ठेवून बघितला. त्याचा मोठा होता, उत्तर पुरतं झाकलं गेलं.

दुसरा गुरुवार बरा गेला. पण शेवटचा प्रश्न त्याने पुस्तकातला विचारला, तेव्हा सातही टेबलं नाराज झाली.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी तो मला परत करायला आला. गिऱ्हाईक अजून नव्हतं, फक्त ती मैत्रीण टेबलं पुसत होती. खणात टाकण्याआधी त्याने उगाच माझी वायर जोडली आणि म्हणाला, "एक, दोन."

काउंटरवरचे ग्लास थरथरले. मागच्या खोलीतून मालक ओरडला, हळू करा जरा.

त्याने मला उलटंसुलटं करून बघितलं. मग त्याने मैत्रिणीला विचारलं, "ताई, हा चालतोय. मग तेव्हा काय झालं होतं?"

ती टेबल पुसायची थांबली. म्हणाली, "उजव्या हाताने ती काउंटरची कड धरून उभी असायची. बोटं पांढरी पडायची. मला वाटलं, सवय असेल."

मित्रांनो, त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. राग मात्र तेवढाच राहिला.

त्या संध्याकाळी त्याने मलाच हातात घेतलं. एकोणतीस प्रश्न नीट झाले, अंगठा जागचा हलला नाही. मग त्याने कार्डं खाली ठेवली आणि म्हणाला, डोळे कागदावर.

"शेवटचा महिनाभर माझी बायको इथे प्रश्न विचारायची, तेव्हा तिचा उजवा हात कुठे असायचा?"

दुसऱ्यांदा त्याने सावकाश विचारलं.

टेबलांनी तपासायला एकमेकांचे कागद घेतले. चार टेबलांनी लिहिलं होतं, माईकवर. एकाने खिशात. दोन कागद कोरे होते.

"काउंटरच्या कडेवर," तो म्हणाला. "उभं राहता यावं म्हणून. मीही चुकलो असतो. मी तर समोरच बसायचो." आणि मग माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाला, "माईक ठीक होता."

मास्तरांनी अर्धा गुण मागितला नाही. सगळ्यांनी मान वर करून काउंटरच्या त्या कडेकडे बघितलं, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. मालकाने टीव्हीचं खोकं उचलून मागच्या खोलीत नेलं. नळदुरुस्तीवाला माझ्याजवळ आला आणि जाळीवरून हलकेच बोट फिरवून गेला. मी त्याला माफ केलेलं नाही. नवऱ्यालाही पुरतं नाही. दर गुरुवारी मी त्याच्या हातात असतो आणि त्याचा श्वास मोजत असतो.

मला पुसा, मऊ कापडात ठेवा, असं काही मी तुमच्याकडे मागणार नाही. उद्या कुणाचं बोलणं तुम्हाला ऐकू आलं नाही, तर खुशाल माझ्यावर ठोका. एकदा. दुसऱ्यांदा ठोकण्याआधी मान वर करा आणि बोलणारं माणूस कशाला धरून उभं आहे ते बघा.