डावा काठ

"आक्का, एक घडी घालायला किती येळ गं?" राजेश्वरीनं मागावरून ओरडून विचारलं. माग चालू असला की आमच्या घरात सगळं ओरडूनच बोलायचं.

"गुडघं धरल्यात. चाललंय हळूहळू," मी म्हटलं.

गुडघ्यांचं निमित्त खोटं होतं. माझ्या मांडीवरच्या साडीला डाव्या काठात हातभर लांब रेघ पडली होती. ताण्यातली, म्हणजे उभ्या धाग्यांतली, एक तार तुटली होती आणि ती न सांधताच माग पुढे धावला होता. मी दाराकडे पाठ केली, पोलक्याला टोचलेली सुई काढली आणि त्याच रंगाचा धागा घेऊन ती रेघ टाक्याटाक्यानं भरून काढली. वरून बोट फिरवलं. मग घडी घातली. त्या महिन्यातली ती चौथी साडी होती.

राजेश्वरी माझी धाकटी जाऊ. संकेश्वरहून लग्न होऊन वडगावात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तेव्हा आमच्या गल्लीत हातमाग होते. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, एकीकडे धोटा फेकायचा, एकीकडे गप्पा मारायच्या. तुटलेली तार बोटांच्या दोन वळशांत कशी गाठायची हे मीच तिला शिकवलं. मला जे शिकायला सहा महिने लागले ते तिनं आठ दिवसांत उचललं. सासूबाई म्हणायच्या, थोरलीचा हात कामाचा आणि धाकटीची नजर. पुढे हातमाग गेले, विजेचे माग आले, आम्हा दोघींचे नवरे तीन वर्षांच्या अंतरानं गेले. माग तिनं सोडला नाही. तीस-बत्तीस वर्षांत तिच्या हातची एकही साडी व्यापाऱ्याकडून परत आली नव्हती. ही गोष्ट ती कधी बोलून दाखवत नसे, पण कुणी दुसऱ्यानं बोलली की पदर सारखा करत असे.

माझ्या मात्र आल्या होत्या. माझे डोळे अधू होऊ लागले तेव्हा व्यापाऱ्याचा माणूस भरमू तीन साड्या घेऊन दारात उभा राहिला आणि सगळ्या गल्लीसमोर त्या उलगडून दाखवल्या. "वैनी, आता नातवंडं खेळवा. माग डोळ्याचं काम हाय," असं म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, हसत म्हणाला होता. पण त्या दिवसानंतर मी मागावर बसले नाही. धाग्याच्या कांड्या भरायच्या आणि साड्यांच्या घड्या घालायच्या, एवढंच माझं काम राहिलं. राजेश्वरीच्या नशिबी तसला दिवस येऊ द्यायचा नाही, एवढं एकच मी मनाशी धरलं होतं.

डोकं तिचं दिवाळीच्या आधीपासून दुखत होतं. आमच्याकडे त्याला कुणी दुखणं म्हणत नाही. दिवसभर कानाशी मागांची खटखट. डोकं दुखत नाही असा माणूस गल्लीत शोधून सापडायचा नाही. सुंठ उगाळून लावायची, फडकं आवळून बांधायचं, पानपट्टीच्या दुकानातली गोळी घ्यायची. तीही तेच करत होती.

एकदा विजेच्या तारेचं काम निघालं आणि सबंध दिवस करंट गेला. सगळी गल्ली गप्प झाली. मी चहा घेऊन गेले तर ही डोक्याला फडकं बांधून भिंतीला टेकलेली.

"आज तर माग बंद हाय. आज कशानं दुखतंय?"

"सवय झालीया गं त्येला," ती डोळे मिटून म्हणाली. "करंट गेलाय ह्ये त्येला कुणी सांगितलं न्हाय."

आम्ही दोघी हसलो. हसण्यावारी गेलं ते.

नंतर नंतर ती पहाटे दुखण्यानंच जागी होऊ लागली. उठून मोरीत जायची, ओकायची, आणि ओकल्यावर थोडं बरं वाटायचं. आम्ही म्हटलं, पित्त. खाली वाकलं, खोकला आला की कपाळात कळ उठायची. दाराच्या डाव्या चौकटीला तिचा खांदा दोनदा थडकला. तेव्हा तिची मुलगी रचना म्हणाली, "आई, आता दवाखान्यात चल. ऐकणार न्हाय मी." रचना टिळकवाडीत एका ऑफिसात कामाला, तिला सुट्टी मिळेना म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडे मी गेले सोबत.

डॉक्टर तरुण होते, पण नीट विचारणारे. कधी दुखतं, किती दिवस, ओकारी होते का. चष्म्याचा नंबर बदलून बघा म्हणाले, गोळ्या लिहिल्या. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "नजरेत काही फरक? कामात चुका होतात का हल्ली? वस्तू दिसत नाहीत, हात चुकतो, असं काही?"

"काय न्हाय," राजेश्वरी म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही घरात असता ना? तुम्हाला काही जाणवलं?"

सुई माझ्या पोलक्यालाच टोचलेली होती. त्या महिन्यात किती साड्या भरल्या ते मला ठाऊक होतं. पण राजेश्वरी शेजारी बसली होती, आणि मला भरमू आमच्या दारात उभा दिसला.

"हिच्या हातची साडी आजवर परत आलेली न्हाय, डॉक्टर," मी म्हटलं.

राजेश्वरीनं पदर सारखा केला. डॉक्टर हसले. "ठीक आहे. या गोळ्यांनी पंधरा दिवसांत उतार पडला नाही तर मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देतो. नक्की या."

पंधरा दिवसांनी उतार नव्हता. पण लग्नसराई तोंडावर होती, मागावर ताणा चढलेला होता. "एवढा ताणा उतरू दे, मग जाऊ," ती म्हणाली. मीही म्हटलं, उतरू दे. एक ताणा उतरला, दुसरा चढला. रचनानं विचारलं की आम्ही दोघी मिळून सांगायचो, बरं हाय आता. मी पहाटे तिच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि दुपारी दाराकडे पाठ करून सुई चालवायचे. पाच महिने असे गेले.

मग एका सकाळी तिनं चहाची कपबशी उचलायला हात घातला आणि डावीकडची शेजारची कपबशी खाली गेली. ती त्या आवाजाकडे बघत राहिली. "कुणी पाडली?" तिनं विचारलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. रचनानं त्याच दिवशी रजा टाकली आणि आम्हाला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं.

ते डॉक्टर धारवाडकडचे होते. मराठी कानडी हेल काढून बोलायचे. त्यांनी तिला समोर बसवलं, म्हणाले, "अक्का, माझ्या नाकाकडं बघायचं. नजर हलवायची नाही. इकडं किती बोटं?" त्यांनी तिच्या उजव्या बाजूला हात धरला.

"दोन."

"आता इकडं?"

डाव्या बाजूला त्यांनी अख्खा पंजा उघडून धरला होता. बोटं हलवत होते.

राजेश्वरी हसली. "डॉक्टर, त्या हाताची बोटं दाखवशीला तर सांगीन की."

ती थट्टा करते आहे असं रचनाला वाटलं. तीही हसली. मी हसले नाही. इतके महिने जी रेघ मी भरत होते ती प्रत्येक वेळी डाव्या काठातच होती. उजव्या काठात एकदाही नाही. घडी घालताना मला ते दिसलं होतं आणि मी त्याचा विचार केला नव्हता.

"कधीपासून डावीकडचं दिसत नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिसतंय की मला."

"घरच्यांना काही कळलं नाही?" त्यांनी रचनाला विचारलं.

"न्हाय. काम तर रोज चालूय तिचं. एक साडी परत आलेली न्हाय."

मी म्हटलं, "दिवाळीपासनं."

दोघींनी माझ्याकडे वळून बघितलं. राजेश्वरीला डोक्याचा फोटो काढायला आत नेल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते लिहीत होते, लिहिणं थांबवून ऐकत राहिले. रागावले नाहीत.

"आज्जी, डोकं सगळ्यांचंच दुखतं," ते म्हणाले. "उन्हानं, जागरणानं, उपाशी राहिल्यानं. दुखतं आणि थांबतं. पण जे डोकं पहाटे झोपेतनं उठवतं, ओकारी आणतं, महिन्याला वाढतच जातं, आणि नजरेत, हातात, बोलण्यात फरक पाडतं, ते घरी ठेवायचं नसतं. त्याच आठवड्यात आणायचं."

बाहेर बाकावर रचनानं विचारलं, "थोरली आई, गल्लीतल्या डॉक्टरनं तुला इचारलं न्हवतं?"

"इचारलेलं."

त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

फोटोत गाठ निघाली. उजव्या बाजूला, मागे. ऑपरेशन झालं, निघाली तेवढी काढली. रचनानं डॉक्टरांना विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "गाठ लहान असती. किती फरक पडला असता ते मी सांगू शकत नाही." शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी सुटका व्हावी म्हणून ते बोलले असावेत. मी ते वाक्य माझ्यासाठी कधी वापरलं नाही.

राजेश्वरी घरी आली आणि पुढे सात महिने जगली. डोकं दुखायचं थांबलं होतं. पण डावीकडचं जग तिच्यापुरतं पुसून गेलं होतं. डावीकडून कुणी आलं की तिला कळायचं नाही. केस विंचरले की उजव्या बाजूचेच. जेवताना ताटाचा उजवा अर्धा भाग संपवायची आणि हात धुवायला पाणी मागायची. मग रचना ताट फिरवायची आणि म्हणायची, "आई, अजून वाढलंय बघ." ती पुन्हा जेवायची. हे काम रचना माझ्या हाती देत नसे.

गल्लीतल्या शालूबाई म्हणाल्या, आता सांगून काय उपयोग, गप राहा. पण मला राहवेना. एका दुपारी मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि साड्यांचं सांगितलं. सुई, धागा, डॉक्टरांनी विचारलेलं, मी दिलेलं उत्तर. काही राखून ठेवलं नाही.

बाहेर गल्लीत माग चालू होते.

"काठात पडायच्या?" तिनं विचारलं.

"डाव्या."

"लांब?"

"हातभर. कधी जास्त."

"एवढ्या लांब, आणि मला दिसल्या न्हाईत." तिनं मांडीवरचा हात उलटा करून बघितला. "मला दाखवाय पायजे हुतीस, आक्का. भरमूनं आणून टाकल्या असत्या दारात तर टाकल्या असत्या. दाखवाय पायजे हुतीस."

ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

दारात रचना उभी होती. तिनं ऐकलं असणार. संध्याकाळी तिनं ताट वाढून आणलं, आईच्या पुढ्यात ठेवलं, आणि रोजच्यासारखी शेजारी न बसता माझ्याकडे एकदा बघून आत निघून गेली.

राजेश्वरी जेवली. उजवीकडची आमटी संपली, भात संपला. डावीकडे चतकोर भाकरी आणि मेथीची भाजी तशीच होती. "पाणी दे गं," ती म्हणाली.

मी ताट फिरवलं.

"अजून वाढलंस व्हय?"

"न्हाय," मी म्हटलं. "हितंच हुती. तुला दिसली न्हाय."

मग तिनं हात पुढे केला, भाकरी चाचपली आणि मोडून घेतली.