टिंडलसाहेबांची ग्वाही

बेरिल हॉथमला एकोणसत्तराव्या वर्षी पहिल्यांदा पासपोर्ट काढायची वेळ आली, आणि ही बाई बेरिल हॉथमच आहे हे लिहून द्यायला गावात माणूस मिळेना. तिची धाकटी बहीण एडना स्पेनच्या टेनेरीफ बेटावर लेकीकडे अंथरुणाला खिळली होती. नाताळपर्यंत काढेल की नाही, सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ऑक्टोबर निम्मा सरला होता.

फॉर्म तसा सोपा. फोटोच्या मागे एका प्रतिष्ठित माणसाने लिहून द्यायचं, की हा चेहरा याच बाईचा आहे. प्रतिष्ठित कोणाला म्हणायचं, तेही सरकारने उपकार केल्यासारखं कळवलं होतं. वकील चालेल, बँकवाला चालेल, पबचा मालक चालेल, मढी पुरण्याचा धंदा करणाराही चालेल. किनाऱ्यावर गाडी लावून उकडलेले शिंपले विकणारी मेव्हिस तेवढी चालणार नव्हती. मेव्हिस बेरिलला चव्वेचाळीस वर्षं ओळखत होती. दोघी एकाच आठवड्यात, एकाच वॉर्डात बाळंत झाल्या होत्या. पण शिंपलेवालीचं खरं सरकारच्या पचनी पडत नाही.

गावातल्या डॉक्टरांनी असल्या सह्या करणं केव्हाच बंद केलं होतं. पबचा मालक गावात नवा होता. मढीवाल्याने बेरिलच्या नवऱ्याच्या शवपेटीवर भलतंच नाव कोरलं होतं, त्यामुळे त्याच्या दारात जायला तिचं मन घेईना. उरले नगरसेवक टिंडल. गुडघे जाईपर्यंत अकरा वर्षं बेरिलने त्यांचं घर झाडलंपुसलं होतं.

टिंडलसाहेबांचा गावात मोठा भरवसा. तीन निवडणुका त्यांनी जुना धक्का दुरुस्त करून देतो म्हणून छातीठोकपणे सांगितलं. मग एका हिवाळ्यात धक्का समुद्रात गेला, आणि चौथ्या खेपेला साहेब नवा बांधून देतो म्हणून निवडून आले. लोक यांच्यावर विश्वास ठेवतात तरी कशाच्या जोरावर, हे बेरिलने त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या पुसता पुसता ताडलं होतं. आवाज भारदस्त, कोट चांगला पण बेताचा जुना, आणि थाप मारण्याआधी "अगदी मनापासून सांगतो" म्हणायची सवय. तेवढ्या सामानावर माणूस विश्वासार्ह होतो. खरं बोलण्याचा त्यात काही संबंध येत नाही.

मंगळवारी दुपारी ती मेव्हिसला सोबत घेऊन त्यांच्या कचेरीत गेली. पिशवीत दोन पाकिटं होती. केमिस्टाकडे दोघींचे एकदम काढले तर स्वस्त म्हणून मेव्हिसनेही बसच्या पाससाठी फोटो काढून घेतले होते.

"या, या, बेरिलबाई!" साहेब फोन कानाला धरूनच म्हणाले. "तुमच्यासाठी नाही करायचं तर कोणासाठी?"

बेरिलने पाकिटातून फोटो काढून पालथा ठेवला. साहेबांनी फोनवर कोणाला तरी नव्या धक्क्याची तारीख देत देत त्यावर झोकात लिहिलं: हा श्रीमती बेरिल हॉथम यांचा हुबेहूब चेहरा आहे, असे प्रमाणित करतो. खाली सही, तारीख. फॉर्मवर लिहिलं, ओळख अकरा वर्षांची.

बाहेर पायरीवर मेव्हिस म्हणाली, "बघू गं, तुझं नाव तरी धड लिहिलंय का." तिने फोटो उलटा केला आणि तोंड वासून उभी राहिली.

"बेरिल, ही मी आहे."

लांब हनुवटी, बारीक डोळे, पुढच्या दातांतली फट. दोघींत सारखं एवढंच, की दोघी म्हाताऱ्या. मेव्हिसला हसू आवरेना. बेरिलला मात्र हसू आलं नाही. या माणसाचे पायमोजे पलंगाखालून मी अकरा वर्षं उचलले, आणि याने फोटो उलटून माझं तोंड बघायचेही कष्ट घेतले नाहीत, या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिकडे एडना होती. राग गिळून ती परत आत गेली.

साहेबांनी दुसरा फोटो या वेळी नीट पाहिला. मग समोर उभ्या दोघींकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा सावध झाला.

"माझ्या सहीला किंमत आहे, बाई. आता यातल्या बेरिल कोण, हे मी कशावरून ठरवायचं?"

"अहो, मी तुमच्यासमोर उभी आहे!"

"असं कोणीही म्हणेल."

"मी सांगते ना," मेव्हिस पुढे झाली. "हीच बेरिल. चव्वेचाळीस वर्षं ओळखते मी हिला."

"आपण काय करता?"

"शिंपले विकते."

"मग तेच तर. राग मानू नका, पण आपला शब्द इथे चालत नाही."

शेवटी बेरिलने बसचा पास काढला. त्यावर तिचा फोटो होता आणि नाव होतं, आणि तो तिला खिडकीमागच्या एका कंटाळलेल्या पोरीने दिला होता. साहेबांनी पास उजेडात धरला, तीनदा वरखाली पाहिलं, आणि जन्माची ओळख पटल्यासारखे उद्गारले, "अरे, बेरिलबाई! तुम्हीच की!" खऱ्या फोटोवर सही झाली.

बेरिलने फोटो पाकिटात घातला. साहेबांनी हात पुढे केला.

"तो पहिला द्या इकडे. फाडून टाकतो."

"तो माझा फोटो आहे," मेव्हिस म्हणाली आणि ब्लाउजच्या आत सारला. "गाडीवर लावीन म्हणते. मागची बाजू पुढे करून."

टिंडलसाहेबांचा रंग उडाला. डोळे मिटून सरकारी ग्वाही दिल्याचं गावभर झालं, तर काय उरेल, हे त्यांना चांगलं कळत होतं. ते टेबलाला वळसा घालून आले आणि आयुष्यात पहिल्यांदा बेरिलच्या तोंडाकडे नीट पाहू लागले.

"बेरिलबाई, अगदी मनापासून सांगतो, चूक झाली. हे बाहेर जाणार नाही, एवढा शब्द द्या मला. दोघींनी द्या."

"देऊ की," बेरिल दार उघडत म्हणाली. "पण साहेब, आमचा शब्द चालत नाही ना. एखादा प्रतिष्ठित माणूस बघा."